न झोपणाऱ्या वेलीची दुखणी

सप्टेंबरात पिंपळगाव बसवंतला किंवा तासगावला, द्राक्षकाडीचे डोळे तपासून देणाऱ्या प्रयोगशाळांसमोर सकाळपासून मोटारसायकली लागतात. मागच्या सीटला बांधलेल्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या असतात आणि गठ्ठ्याला चिठ्ठी असते: वाण, खुंट, खरड छाटणीची तारीख, प्लॉटचे नाव. आत टेबलाशी बसलेली मुलगी एक काडी उचलते, ब्लेडने डोळ्यावरचे तपकिरी खवले उडवते, आडवा पातळ काप घेते, आणखी एक घेते आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवते. मधोमध मुख्य डोळा आणि बाजूला त्याचे दोन राखीव सोबती दिसतात. मुख्य डोळ्याच्या पोटात फिकट हिरवट, उंचसखल ठिपका असला तर तो घड. नुसती सुतासारखी रेघ असली तर बाळी, म्हणजे घडाऐवजी निघणारा वेलीचा ताणा. ‘तिसरा बाळी, चौथा घड, पाचवा घड, सहावा फेल,’ ती सांगत जाते आणि शेजारचा लिहून घेतो. बाकावरचा बागायतदार हे सगळे कान देऊन ऐकत असतो. ऑक्टोबरात कात्री कुठल्या डोळ्यावर ठेवायची ते यावरून ठरणार असते, आणि कात्री एक डोळा अलीकडे पडली तरी वर्ष वाया जाऊ शकते.

त्या मुलीला काचेखाली दिसणारे चित्र मात्र सप्टेंबरातले नसते. ते मे-जूनमध्ये काढलेले असते. द्राक्षातल्या जवळजवळ प्रत्येक विकृतीची आणि प्रत्येक अन्नद्रव्याच्या कमतरतेची हीच अडचण आहे. लक्षण आज दिसते, कारण काही महिन्यांमागे घडून गेलेले असते आणि औषधाची बाटली मात्र आजच्या तारखेला विकली जाते.

यातली निम्मी गुंतागुंत आपल्या हवामानाने घातली आहे. फ्रान्समध्ये, इटलीत, कॅलिफोर्नियात द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून झोपते. थंडी सरली की एकदम जागी होते, फुलते, फळते आणि पुन्हा झोपते. तिचे कॅलेंडर निसर्गच सांभाळतो. दख्खनच्या पठारावर तशी थंडी नाही. वेलीला मोकळे सोडले तर ती वर्षभर वाढत राहील आणि फळ ऐन पावसाळ्यात सापडून डावणी रोगाच्या तोंडी जाईल. म्हणून इथल्या बागायतदारांनी तिला दोनदा छाटून एकदा पीक घ्यायची रीत बसवली. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी होते. ओलांड्यावर एकेक डोळा राखून सगळी जुनी काडी काढून टाकायची आणि पुढच्या पिकासाठी नवी काडी तयार करायची. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी होते. ती फळासाठी. दोन्हींच्या मध्ये वेलीला धड विश्रांती मिळत नाही. देशातल्या द्राक्षांपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त द्राक्षे या अशा जागरणातून महाराष्ट्रात पिकतात. नाशिक, सांगली, सोलापूर आणि पुण्याचा जुन्नर-नारायणगाव पट्टा ही त्यांची मुख्य ठिकाणे.

खरड छाटणीनंतर साधारण चाळिसाव्या दिवसापासून साठाव्या दिवसापर्यंतचा काळ सगळ्यात नाजूक. बागायतदार त्याला सूक्ष्म घडनिर्मितीचा काळ म्हणतात. नव्या काडीच्या प्रत्येक डोळ्यात एक अंकुर तयार होतो, आणि त्याचे काय व्हायचे हे तोवर ठरलेले नसते. तो घड होऊ शकतो, बाळीही होऊ शकते. घड आणि बाळी ही एकाच अवयवाची दोन रूपे आहेत. सी. श्रीनिवासन आणि मायकेल मुलिन्स या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये या विषयाचा जो आढावा प्रसिद्ध केला तो आजही आधारभूत मानला जातो. त्यानुसार वेलीतल्या सायटोकायनिन या संजीवकाचे पारडे जड असेल तर अंकुर घडाकडे झुकतो, जिबरेलिन या संजीवकाचे जड असेल तर बाळीकडे. यातली गंमत अशी की मण्यांची फुगवण व्हावी म्हणून ज्या ‘जीए’च्या द्रावणात घड बुडवतात ते जिबरेलिनच. मण्याला जे मानवते तेच डोळ्यातल्या घडाला मारते.

सायटोकायनिन तयार होते मुळ्यांच्या टोकांत. म्हणजे पांढरी मुळी चालू हवी. बोद, म्हणजे वेलीखालचा मातीचा वरंबा, भुसभुशीत हवा आणि पाणी साचायला नको. डोळ्यावर ऊन पडायला हवे, हेही तितकेच महत्त्वाचे. थॉम्पसन सीडलेस आणि तिच्यातून निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाका यांसारख्या जातींत सावलीतला डोळा हमखास वांझ निघतो. म्हणून शेंडा मारून सबकेन, म्हणजे उपकाडी, करायची, बगलफुटी काढायच्या, काड्यांची गर्दी विरळ करायची, नत्र आवरायचे. काडी सात पानांवर खुडली की सातव्या डोळ्यातून फुटणाऱ्या सबकेनच्या गाठीजवळ चांगला घड सापडतो, हे ठाऊक असलेले बागायतदार ऑक्टोबरात गाठीच्या हिशेबाने छाटतात. ज्यांनी मे महिन्यात युरियाचा हात सैल सोडला, त्यांना हिरवीगार बाग दिसते आणि आत डोळे रिकामे असतात. लांबून पाहणारा म्हणतो, काय बाग आहे!

याच टप्प्यावर एका रसायनाने महाराष्ट्राला मोठा धडा दिला. क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागेतल्या बोलीत ‘सीसीसी’, वेलीतले जिबरेलिन तयार होणे रोखते. वाढ आखडते आणि घडनिर्मिती सुधारते. खरड छाटणीनंतर त्याची फवारणी सर्रास होत असे. २०१० च्या हंगामात युरोपात पोचलेल्या भारतीय द्राक्षांत त्याचे अंश मर्यादेबाहेर निघाले. तिथली मर्यादा तेव्हा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. कंटेनर अडकले, भाव कोसळले आणि निर्यातदार व बागायतदार दोघेही पोळले. फवारणी झाली होती आदल्या उन्हाळ्यात, फळ तेव्हा जन्मालाही आले नव्हते. तरी ते रसायन वेलीच्या लाकडात राहिले आणि मण्यापर्यंत पोचले. वेलीचे वर्ष छाटणीपाशी तुटत नाही, हे त्या वर्षी कागदोपत्री सिद्ध झाले.

मे २०२५ ने तीच गोष्ट वेगळ्या प्रकारे दाखवली. त्या वर्षी मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला, आणि त्याच्याही आधीपासून राज्यभर पूर्वमोसमी पावसाने ठाण मांडले होते. एप्रिलमध्ये खरड झालेल्या बागांचे नाजूक दिवस त्या ढगांखाली गेले. ऊन नाही, बोदात पाणी, पांढरी मुळी थंडावलेली, आणि पावसातून आयते मिळालेले नत्र. ऑक्टोबरनंतर बागा फुटल्या तेव्हा नाशिक, सांगली, सोलापूर असे तिन्हीकडून घड कमी निघाल्याचे ऐकू येऊ लागले. फुटीवर पाने भरपूर आणि त्यांत नुसत्या बाळ्या. अशा बागेत डिसेंबरात फवारायला काहीही उरलेले नसते.

घड असूनही तो हातातून जाऊ शकतो. गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून एक-दोन दिवसांत काडीवर हायड्रोजन सायनामाइड लावतात. याला पेस्टिंग म्हणतात. थंडीने जे काम केले असते ते इथे रसायनाकडून करून घ्यायचे. हातमोजे घालून, बोळ्याने डोळ्या-डोळ्यावर लावत मजुरांची रांग पुढे सरकते. या कामाचा एक जुना नियम आहे: त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारू बंद. नियम नीतीचा नाही, रसायनशास्त्राचा आहे. सायनामाइडमुळे शरीरात दारू पचण्याची साखळी मध्येच अडते, चेहरा लालबुंद होतो आणि जीव घाबरा होतो. त्याच गुणामुळे त्याचा एक क्षार दारू सोडवण्याच्या औषधातही वापरला गेला आहे. मुकादम पेस्टिंगच्या टोळीला आदल्या संध्याकाळीच बजावून ठेवतो.

पेस्टिंगनंतर फुटणारी पहिली पाने मुळ्यांच्या जिवावर फुटत नाहीत. काडीत आणि खोडात साठवलेल्या पिठावर ती पोसली जातात. साठा कमी असेल, छाटणीनंतर पाऊस पडून मुळी गारठली असेल किंवा नत्र जास्त झाले असेल, तर पोंगा सुटताना दिसलेला इवलासा घड आठ-दहा दिवसांत लांबत जातो, फुले गळतात आणि उरते ती बाळी. याला म्हणतात घड जिरणे. या वेळी उपाय असतो, पण घाईचा: कमजोर फुटी लवकर काढून टाकायच्या, पाणी तोडायचे, नत्र बंद करायचे, पोटॅश-स्फुरदाची हलकी फवारणी घ्यायची आणि गरज पडल्यास सायटोकायनिन गटातल्या संजीवकाचा आधार घ्यायचा. पाच-सहा पानांनंतर केलेला उपाय बहुतेकदा फुकट जातो. घड जिरलेल्या बागेत सगळ्यात जास्त खर्च नेमका तेव्हाच होतो.

बागायतदार पानावरून वेलीची तक्रार ओळखतो ती मुख्यतः पान कुठले आहे यावरून. नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम वेलीत एका जागेवरून दुसरीकडे जाऊ शकतात. टंचाई आली की वेल जुन्या पानांतून ती काढून शेंड्याला देते, म्हणून खुणा खालच्या पानांवर उमटतात. लोह, जस्त, बोरॉन, कॅल्शियम एकदा बसले की सहसा हलत नाहीत, त्यांची ओढाताण कोवळ्या शेंड्यात दिसते. शेंड्याची पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह. पाने बारीक, देठाजवळची खाच उघडी पडलेली, काडी वेडीवाकडी, तर जस्त. जुन्या पानाच्या कडा करपलेल्या, तर पालाश. शिरांमधला भाग पिवळा पडून देठाकडे हिरवी पाचर उरली, तर मॅग्नेशियम. इतके नाशिकच्या बहुतेक बागायतदारांना पाठ असते. घोळ यापुढे सुरू होतो, कारण पान काय कमी आहे ते सांगते, का कमी आहे ते सांगत नाही.

लोहाचेच पाहू. दख्खनची माती ज्या बेसाल्टपासून झाली त्यात लोहाला तोटा नाही. तरी सोलापूरकडच्या आणि नाशिकच्या चुनखडीच्या पट्ट्यांत बागा पिवळ्या पडतात. सामू आठच्या वर गेला आणि मातीत चुना मुबलक असला की लोह असते पण विरघळत नाही. पावसाळ्यात बोद चिंब राहिला की मुळ्यांभोवती बायकार्बोनेट वाढते आणि पिवळेपणा आणखी चढतो. या दुखण्याचा इतिहास फ्रेंच आहे. १८४४ च्या सुमारास यूझेब ग्री या रसायनतज्ज्ञाने पिवळ्या पानांवर लोहाचे क्षार लावून ती हिरवी करून दाखवली. आजही फेरस सल्फेटची फवारणी त्याच धाग्यावर चालते. जमिनीतून देताना मात्र फसगत होते. ठिबकमधून सोडलेले साधे फेरस सल्फेट चुनखडीत काही तासांत गंजासारखे बसते. दुकानात चिलेटेड लोह म्हणून जे स्वस्तात मिळते ते बहुधा ईडीटीएचे असते. ते आम्लधर्मी जमिनीत चालते, साडेसहाच्या वरच्या सामूत लोह सोडून देते. चुनखडीत टिकते ते ईडीडीएचएचे. ते महाग असते आणि बादलीतले पाणी गडद लाल करते. दोन्ही पुड्यांवर मोठ्या अक्षरांत ‘चिलेटेड आयर्न’ एवढेच छापलेले असते. बारीक अक्षरांत काय आहे ते विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

चुनखडीचा प्रश्न खुंटापर्यंत, म्हणजे कलमाच्या खालच्या मुळांपर्यंत, जातो, आणि तिथे एक गोष्ट आहे जी आपल्या बांधावर फारशी कुणी सांगत नाही. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सच्या द्राक्षबागांची मुळे खाऊन टाकली. अमेरिकन रानवेलींच्या मुळांना ती कीड झेपत होती, म्हणून फ्रेंचांनी त्यांचा खुंट घेतला. कोन्याकच्या खडूसारख्या पांढऱ्या जमिनीत ते खुंट पिवळे पडले. १८८७ मध्ये फ्रेंच सरकारने पिएर व्हियाला या शास्त्रज्ञाला चुना सोसणारी रानवेल शोधायला अमेरिकेला पाठवले. टेक्ससमधल्या डेनिसन गावी टी. व्ही. मन्सन नावाचा द्राक्षवेडा रोपवाटिकावाला होता. त्याच्या मदतीने व्हियालाला चुनखडीच्या टेकड्यांवर वाढणारी बर्लांडिएरी जातीची वेल मिळाली. तिच्याच संकरातून पुढे ११० रिक्टर, ११०३ पॉलसन, १४० रुग्गेरी हे खुंट आले. फ्रान्सने मन्सनचा सन्मान केला, आणि आज डेनिसन व कोन्याक ही भगिनी-शहरे आहेत. टेक्ससमधल्याच बेल परगण्यातल्या एका टेकाडावरच्या रानवेलीलाही मन्सनने वेगळे काढले होते. टेकाडाचे नाव डॉग रिज. सांगलीपासून नाशिकपर्यंत ज्या ‘डॉगरिज’ खुंटावर लाखो वेली उभ्या आहेत, तो हाच.

डॉगरिज आपल्याकडे आला क्षारपड पाणी आणि अवर्षण यांना तोंड देण्यासाठी. स्वमुळांवरच्या बागा विहिरींच्या खाऱ्या पाण्याने कडेकडेने जळू लागल्या होत्या, त्यांना त्याने तारले. पण कुठलाही खुंट नुसता गुण घेऊन येत नाही. डॉगरिजची वाढ आडदांड असते. भारी काळ्या जमिनीत काडी झपाट्याने जाते, मंडपावर सावली होते आणि डोळे रिकामे राहतात. शिवाय तो सोडियम बऱ्यापैकी वर चढवतो आणि पालाश त्या मानाने कमी. मातीच्या अहवालात पालाश ‘भरपूर’ लिहिलेले आणि वेलीच्या जुन्या पानांवर मात्र काळपट करपा, हे कोडे अनेक बागांत पडते. सोडियमने पालाशची वाट अडवलेली असते. वरून कितीही ओतले तरी आत शिरायला जागा नाही. आधी क्षार धुऊन काढायला हवेत. साध्या जमिनीत जिप्सम, चुनखडीत गंधक आणि सगळीकडे सेंद्रिय भर. नव्या लागवडीत ११० रिक्टर, ११०३ पॉलसनकडे वाढणारा कल याच अनुभवातून आला आहे. ते सोडियम कमी उचलतात आणि वाढही आवरती ठेवतात.

मग वेलीला नेमके काय पोचले आहे ते कसे कळावे? विचारायचे ते पानाच्या देठाला. देठ परीक्षणाची पद्धत कॅलिफोर्नियात जुनी. तिथे ऐन फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचे देठ घेतात. आपल्या दोन छाटण्यांना ते पुरत नाही, म्हणून घडनिर्मितीच्या टप्प्यावर, खरडीनंतर पंचेचाळीस दिवसांनी, बुडापासून पाचव्या पानाचे देठ घेण्याची शिफारस भारतीय शास्त्रज्ञांनी केली. पुण्याजवळ मांजरीला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. इथल्या बागांना साजेसे मोजमाप, खुंटांचे प्रयोग आणि पंधरवड्याचा सल्ला यांसाठी आज त्याच्याकडेच पाहतात. देठ खुडायचे काम सोपे वाटते. बागेत नागमोडी फिरायचे, बांधाकडच्या आणि रोगट वेली सोडायच्या, पान फाडून फक्त देठ ठेवायचा, शे-दोनशे देठ कागदी पिशवीत भरायचे. फवारणीनंतर लगेच घेतलेला नमुना खोटे बोलतो, कारण देठावर बसलेले जस्त प्रयोगशाळेला वेलीच्या आतलेच वाटते.

कॅलिफोर्नियात थॉम्पसनसाठी ठरवलेले फुलोऱ्यातले आकडे पाहिले तर हा किती काटेकोर मामला आहे ते कळते. पालाश १ टक्क्याखाली म्हणजे कमतरता, दीड टक्क्यावर म्हणजे पुरेसा. जस्त १५ पीपीएमखाली कमी आणि २६ च्या वर ठीक. बोरॉन २५ खाली कमी आणि ३० वर पुरेसा. बोरॉनचे हे दोन आकडे किती जवळ आहेत पाहा! उपवास आणि पोटभर यांत पाच पीपीएमचे अंतर, आणि फार पुढे गेले की तेच विष होते. तरीही आपल्याकडे फुलोऱ्याआधी बोरॉन ‘मारून ठेवतात’, अहवाल न पाहता.

बोरॉनची गरज खोटी नाही. फुलाच्या टोपीला सुटून पडायला आणि परागनलिका वाढायला ते लागते. ते कमी पडले की टोप्या सुकून मण्याला चिकटून राहतात आणि सेटिंग फसते. एकाच घडात वाटाण्याएवढे आणि मोहरीएवढे मणी शेजारी-शेजारी दिसतात. जस्ताची टंचाईही तसेच करते. यांना शॉट बेरी म्हणतात. विरळणीच्या वेळी बायका छोट्या कात्रीने त्या वेचून काढतात तेव्हा मजुरीचा हिशेब कमतरतेच्या हिशेबाला जोडला जातो.

मण्यात पाणी उतरले, म्हणजे मणी मऊ होऊन साखर भरायला लागली, की दुखण्यांचा दुसरा गट सुरू होतो. गोडी यावी म्हणून या वेळी ठिबकातून ‘झिरो झिरो पन्नास’चा मारा होतो. बागेत खतांची नावे अशी आकड्यांनीच घेतात: झिरो बावन्न चौतीस, बारा एकसष्ट, तेरा झिरो पंचेचाळीस. पालाश ओतला की मॅग्नेशियम मागे हटते, जुनी पाने शिरांमध्ये पिवळी होतात आणि साखर तयार करणारे कारखानेच बंद पडतात. मग मॅग्नेशियम सल्फेटची खरेदी. एका खताने घडवलेल्या दुखण्यावर दुसरे खत, आणि दोन्ही पावत्या एकाच दुकानाच्या. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही, तो गिऱ्हाइकाने मागितलेलेच देतो.

घडाच्या टोकाकडचे मणी अचानक लुळे, पाणचट आणि आंबट राहतात तेव्हा गोष्ट आणखी अवघड. इंग्रजी बोलणारे याला वॉटरबेरी म्हणतात, चिलीत याच्याच नात्यातल्या रोगाला पालो नेग्रो म्हणतात, आणि जर्मन बागायतदारांचे याच्यासाठी वेगळे नाव आहे. देठाचा छोटा भाग काळा पडून सुकतो आणि पुढच्या मण्यांची शिदोरी तुटते. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या फवारण्या काही ठिकाणी लागू पडतात, काही ठिकाणी मुळीच नाही. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या थॉम्पसनवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोगट घडांत नत्राचे, त्यातही अमोनिया रूपातल्या नत्राचे, प्रमाण जास्त आढळले. सावली, जास्त घड आणि जास्त नत्र हे तिघे एकत्र आले की देठ हार मानतो. घडाला पोसायला पंधरा-सोळा पाने हवीत असे बागायतदार धरतात. वेलीवर त्या हिशेबाने घड ठेवणे हा या रोगावरचा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि तोच सगळ्यात जिवावर येतो. विरळणीत आपल्या हाताने घड कापून जमिनीवर टाकायचा आणि त्यावरून चालत पुढे जायचे, याला जिगर लागते.

डिसेंबर-जानेवारीत निफाड, दिंडोरी भागात पारा बऱ्याच हिवाळ्यांत ५ अंशांच्या खाली उतरतो. पहाटे बांधांवर शेकोट्या पेटतात आणि कुणी रात्रभर ठिबक चालू ठेवून जमिनीची ऊब टिकवतो. दिवसा मात्र ऊन चढलेले असते. दिवस आणि रात्र यांच्या तापमानात असा मोठा फरक पडला की पांढऱ्या थॉम्पसनच्या मण्यांवर गुलाबी छटा येते. हा पिंक बेरीचा प्रश्न. चवीला काही होत नाही, पण युरोपचा खरेदीदार हिरव्या द्राक्षांच्या डब्यात गुलाबी मणी घेत नाही. यावरचा उपाय मोठा मजेशीर आहे: घडाला वर्तमानपत्र गुंडाळणे. पाणी उतरायच्या आधी टोळ्या बागेत शिरतात. कागद घडाभोवती फिरवायचा, वर स्टेपलरची एक पिन, खाली मोकळे. सूर्यप्रकाश थेट पडत नाही आणि तापमानाचा चढउतार थोडा बोथट होतो. त्या काळात रद्दीला चांगली मागणी असते. दुपारी मंडपाखाली उभे राहिले तर डोक्यावर शेकडो कागदी पुड्या लोंबकळताना दिसतात. त्यांवर गेल्या महिन्यातल्या बाजारभावाच्या बातम्या असतात आणि लग्नाच्या जाहिरातीही.

पण कागदाच्या आत काय चालले आहे ते दिसत नाही, हा त्याचा तोटा. मिलीबग आत घर करते, आणि अवकाळी पाऊस पडला तर ओला कागद मण्याला चिकटतो. पाणी उतरल्यानंतरचा पाऊस म्हणजे मणी तडकण्याची भीती. मणी मुळातून आणि सालीतूनही पाणी ओढतो आणि साल ताणाला पुरत नाही. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस नाशिक जिल्ह्यात गारांसह पाऊस झाला तेव्हा निफाडकडच्या बागांत हे आणि याहून वाईट झाले. कॅल्शियमने साल थोडी बळकट होते हे खरे, पण गारेपुढे कुठलेही अन्नद्रव्य उभे राहत नाही. उलटे टोक फेब्रुवारी-मार्चचे. पाने झडून घड उघडा पडला की मणी उन्हाने भाजतो, तपकिरी होतो आणि सुकतो. बागायतदार त्याला उकड्या म्हणतात. उकड्या खताच्या कमतरतेने थेट येत नाही. पण पालाशच्या कमतरतेने पाने आधी करपली असतील तर येतो. पुन्हा कारण मागे, लक्षण पुढे.

या दुखण्यांवरच्या सल्ल्याची बाजारपेठ आता वेगळ्या रूपात उभी आहे. एकरी फी घेणारे द्राक्ष सल्लागार आहेत, त्यांतले काही खरोखर उत्तम, डोळ्यांनी वेल वाचणारे. त्यांच्यापाठोपाठ व्हॉट्सअॅपचे गट आले. सकाळी सहाला पिवळ्या पानाचा फोटो पडतो, सव्वासहापर्यंत चार औषधांची नावे येतात. फोटोत पान शेंड्याचे की बुडाचे ते दिसत नाही, पाण्याचा सामू दिसत नाही, खुंट दिसत नाही. ११० रिक्टरवरच्या आणि डॉगरिजवरच्या वेलीला एकच उत्तर मिळते. मांजरीचे शास्त्रज्ञ आणि महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ वर्षानुवर्षे सांगतात की आधी माती, पाणी आणि देठ तपासा. वर्षभरातल्या औषध-खतांच्या बिलापुढे तपासणीचा खर्च किरकोळ. तरी आधी औषध आणि मग तपासणी, हा क्रम काही बदलत नाही. फवारणी केली म्हणजे काहीतरी केल्यासारखे वाटते, आणि चार दिवस देठाच्या अहवालाची वाट पाहणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे वाटते. जिथे लाखाच्या पुढचे कर्ज एकरावर बसलेले असते तिथे हे मानसशास्त्र हसून सोडून देण्यासारखे नाही.

मे २०२५ नंतर बागायतदारांच्या बैठकांत चर्चा खतांची नाही, तारखांची चालते. खरड छाटणी एप्रिलच्या मध्याऐवजी मार्चच्या अखेरीस घेतली तर घडनिर्मितीचे दिवस मोसमी पावसाच्या आधी, कडक उन्हात येतात. डोळ्याला प्रकाश मिळतो. पण मग कोवळी फूट ४० अंशांच्या उन्हात सापडते, आणि विहिरी तळाला गेलेल्या असताना बागेला पाणी लागते. सोलापूरकडे त्या महिन्यांत अनेक बागांना टँकरने पाणी घालावे लागते, आणि त्या पाण्यात क्षार असतात. ते क्षार डॉगरिज वर चढवतो. उशिरा छाटावे तर ढग, लवकर छाटावे तर सोडियम. तासगावात काही जण बाग दोन भागांत विभागून दोन तारखांना छाटतात. मजूर दोनदा लागतात, फवारण्यांचे वेळापत्रक दोनदा मांडावे लागते आणि काढणीही दोन टप्प्यांत जाते. पण एका तारखेचे डोळे रिकामे निघाले तर दुसऱ्या तारखेचे घड हाताशी राहतात, आणि सप्टेंबरात प्रयोगशाळेला दोन गठ्ठे वेगवेगळ्या चिठ्ठ्या लावून न्यावे लागतात.